दहा बाय दहात सत्तर-दोनशे

ऑनलाइन मागवलेली लेन्स बऱ्याचदा आमच्याच भिवंडीच्या गोदामातून निघते. गोदाम एवढं, की आत ट्रक वळावा; फोटो मात्र कामतघरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे कपाट उघडायचं तर आधी पलंगावरच्याला उठवावं लागतं.

मावसभावाने ‘पोर्ट्रेटची राणी’ म्हणून सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स घेतली. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटरला उभा माणूस पायांसकट मावायला साधारण १२ फूट लागतात, क्रॉप सेन्सरवर १७-१८. हा हिशेब दुकानात कोण करतो? साखरपुड्याला भाऊ मागे सरकत सरकत मोरीत, मग दारातून जिन्यात. नवरी आत, फोटोग्राफर शेजाऱ्यांच्या चपलांत.

मग कुणाची तरी लेन्स मागून चोवीसवर आला आणि जवळ गेला. फोटोत नाक आधी पोहोचलं, नवरी मागून. दोष लेन्सचा नव्हे, अंतराचा. पण हे व्याह्यांना कोण समजावणार?

उजेडाला एक ट्यूबलाइट. कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर येते, शटर रेंगाळतं, आणि खालच्या मजल्यावरचे माग भिंतीला थरथरवतात.

तेव्हा चोवीस-सत्तर, एफ २.८ घ्या. फुल फ्रेमवर ७० ला कंबरेपर्यंतचा फोटो सहा फुटांत बसतो. म्हणजे भावाच्या लेन्सचा पहिलाच आकडा. उरलेले १३० मिलिमीटर त्याने मिरवायला घेतले. आणि पाय दाखवायचेच असतील, तर गच्चीवर चला.