अष्टविनायकी युरोप

पहिल्यांदाच युरोपला निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दौऱ्याचे नियोजन आणि प्रवास असे दोन भाग पडतात. त्यांतील प्रवास बारा-पंधरा दिवसांत आटोपतो, तर नियोजन दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू होऊन उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जेवणाच्या टेबलावर चालते, आणि विस्तार, संघर्ष व नाट्य या तिन्ही बाबतींत तेच सरस असल्याने अभ्यासकाने त्याच्याकडेच अधिक लक्ष पुरवणे उचित होय.

या नियोजनाचा आराखडा युरोपच्या नकाशावरून नव्हे, तर अष्टविनायक यात्रेवरून घेतलेला असतो. सात गणपती झाले आणि आठवा राहिला म्हणजे जी रुखरुख लागते, तीच आयफेल टॉवर, बर्फाचा डोंगर, व्हेनिसची होडी, पिसाचा कललेला मनोरा व कोलोसियम यांपैकी एखादे राहून जाण्याच्या नुसत्या कल्पनेने लागते. त्यामुळे एकाच शहरात सहा दिवस निवांत राहावे ही सूचना थेऊरला सहा दिवस मुक्काम करण्याच्या सूचनेइतकीच विक्षिप्त ठरून बहुमताने फेटाळली जाते. लूव्र संग्रहालयातील मोनालिसाचे चित्र जेमतेम 77 सेंटीमीटर उंच व 53 सेंटीमीटर रुंद असून त्यापुढील गर्दी लक्षात घेता तेथे जे घडते त्याला कलास्वाद म्हणण्यापेक्षा मुखदर्शन म्हणणेच शास्त्रशुद्ध होईल.

अष्टविनायकाचा हा संस्कार विमानाच्या तिकिटापाशी विशेष अडचणीचा ठरतो. उतरण्याचे शहर एक आणि परतीचे विमान धरण्याचे शहर दुसरे अशा तिकिटाला प्रवासव्यवसायात ‘ओपन जॉ’ म्हणतात, आणि पॅरिसला उतरून रोमहून परतल्यास मागे फिरण्यात जाणारा एक दिवस वाचतो हे घरातील तरुण पिढी कागदावर आकृती काढून सिद्धही करते. परंतु यात्रा मोरगावला सुरू करून मोरगावलाच संपवायची असते हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्या ज्येष्ठांना रोमहून परस्पर घरी येणे अर्धवट वाटते, आणि ‘मग पॅरिसला परत जायचंच नाही का रे?’ या त्यांच्या प्रश्नाला भूगोलाकडे उत्तर नसते.

यानंतर येते ते शेंगेन-प्रकरण. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव असून, 14 जून 1985 रोजी बेल्जियम, फ्रान्स, तत्कालीन पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार तेथे नदीवरील एका बोटीत बसून केला. करार प्रत्यक्ष अमलात आला तो मार्च 1995 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ प्रदर्शित होऊन, युरोप आगगाडीने पाहायचा असतो व त्यासाठी गाडी चुकणे आवश्यक असते, असा समज भारतात दृढ झाला. आज शेंगेन क्षेत्रात 29 देश असून स्वित्झर्लंड त्यात असूनही युरोपीय संघात नाही, तर आयर्लंड संघात असूनही त्यात नाही. अर्थात साडूच्या मेहुण्याशी आपले नाते काय हे क्षणात सांगू शकणाऱ्या समाजाला एवढी गुंतागुंत जड जात नाही. ज्या गावाच्या नावाचा सहा महिने जप चालतो, ते गाव मात्र कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेत नसते.

व्हिसाचा, म्हणजे प्रवेशाच्या परवान्याचा, नियम असा की दौऱ्यात ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करावा आणि मुक्काम समसमान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे करावा. फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली यांना प्रत्येकी चार रात्री वाटून देणारे कुटुंब, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्यांत न दिसलेल्या समतेने वागल्यामुळे, पॅरिसला उतरत असल्यास फ्रान्सकडे वळते. मग आत्याबाई इंटरलाकेनला आणखी एक रात्र मागतात. त्या गावी यश चोप्रा यांचा पुतळा असल्याने मागणी सहजासहजी नाकारता येत नाही आणि ती रात्र इटलीतून काढून दिली की स्वित्झर्लंडच्या पाच होऊन अख्खा अर्ज देश बदलतो. एका रात्रीच्या हट्टाने दोन राष्ट्रांच्या वकिलातींतील कामाचा बोजा इकडून तिकडे सरकवणारी आत्याबाईंएवढी मुत्सद्दी व्यक्ती राजनैतिक इतिहासात शोधूनही सापडणे कठीण.

अर्जासोबत 35 बाय 45 मिलिमीटरचे छायाचित्र, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, कचेरीचे रजेचे पत्र आणि मुक्कामांची आरक्षणे जोडावी लागतात. यांतील आरक्षणांचा मुद्दा तर्कशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण व्हिसा मिळण्यासाठी आरक्षणे दाखवावी लागतात आणि व्हिसा हाती आल्याशिवाय आरक्षणात पैसे अडकवण्यास कोणी शहाणा धजत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही व लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही या कोंडीवर मराठी भाषेला जो तोडगा सुचला नव्हता, तो हॉटेलांनी ‘रद्द केल्यास पैसे परत’ या सोयीच्या रूपाने काढला आहे.

रेल्वेबाबत थोडक्यात एवढेच, की युरोपाबाहेरील रहिवाशांसाठी 1959 पासून चालत आलेला ‘युरेल’ पास अनेक देशांतील गाड्यांना चालतो, परंतु फ्रान्सच्या अतिजलद गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. पासात चौथी सीट मिळाली तरी धन्यता मानणाऱ्या लोकलच्या प्रवाशाला यात अन्याय दिसत नाही. बसायला मिळणार असेल तर पैसे भरायचेच, असे तो म्हणतो.

खरी परीक्षा सामान भरताना होते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस व दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे, आणि यातील मांसाच्या भागाकडे दुर्लक्ष करून शाकाहारी घर निश्चिंत राहते, तोच दुसऱ्या भागात पेढे, श्रीखंडाच्या वड्या आणि घरी कढवलेले तूप अडकल्याचे लक्षात येते. मेतकुटाला बंदी नाही, तांदूळ तिकडेही मिळतो, तेव्हा मऊभात, मेतकूट व तूप या त्रिकुटातील तिसरा घटकच काय तो सीमेवर रोखला जातो. फळांचा न्याय याहून चमत्कारिक आहे. आमराईतून आणलेल्या हापूसला, तो निरोगी असल्याचा सरकारी वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, कारण फळमाशीची धास्ती अशी की 2014 मध्ये संघाने भारतीय आंब्याची आयातच काही महिने थांबवली होती. नारळ मात्र अननस, केळी, खजूर व ड्युरियन यांच्यासह दाखल्यावाचून आत जाऊ शकतो. नारळ देणे या शब्दप्रयोगाचा मराठीतील अर्थ लक्षात घेता, युरोपात पाऊल टाकताना हातात नारळ असणे कितपत शुभ, यावर घरात दोन पक्ष पडतात.

सारे जुळत आले असता कोणीतरी भिंतीवरची दिनदर्शिका उलटून पाहते आणि जूनमधील पॅरिसच्या मुक्कामातच अंगारकी, म्हणजे मंगळवारी येणारी संकष्टी चतुर्थी, असल्याचे जाहीर करते. लूव्र मंगळवारी बंद असते, तेव्हा तो दिवस तसाही मोकळा होता. उपास आणि संग्रहालयाची सुट्टी यांचा हा मेळ पाहून आराखडा करणारा सुखावतो. परंतु दिनदर्शिकेतील चंद्रोदयाच्या वेळा इकडच्या गावांच्या असतात, आणि जूनच्या पॅरिसमध्ये सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्याने चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र उलटून बुधवार लागतो. उपास अंगारकीचा करून तो बुधवारी सोडल्यास चालेल का, हॉटेलच्या भाड्यात धरलेल्या मंगळवारच्या न्याहारीचे काय करावे आणि साबुदाण्याच्या खिचडीसाठी फ्रेंच लोणी खोलीतच कढवल्यास धुराची घंटा वाजेल का, हे तीन प्रश्न आराखड्याच्या सतराव्या आवृत्तीत शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत नोंदवलेले असून त्यांपुढील जागा अद्याप कोरी आहे.