क्षितिज जरा तिरकं आलंय

नगरी माणूस तसा फटकळ. मिसळीला तर्री कमी पडली तर तो मालकाला गल्ल्यावर जाऊन सांगेल, लग्नातल्या जिलबीला नावं ठेवेल, पुढाऱ्याला भर सभेत प्रश्न विचारेल. पण याच माणसाला कुणी मोबाईलवर स्वतः काढलेला फोटो पाठवला की तो साखरपेरणी सुरू करतो. ‘एक नंबर’, ‘लई भारी’, ‘खतरनाक राव’, मागून तीन अंगठे आणि एक गुलाब. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, त्या जिल्ह्याला हे शोभतंही. फक्त ज्याने फोटो पाठवला, त्याच्या पदरात काही पडत नाही.

आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या गटात रोज हेच चालतं. कुणी पहाटे उठून चांदबीबी महालाच्या टेकडीवर जातो आणि सूर्य उगवताना त्या अष्टकोनी, तीन मजली इमारतीचा फोटो काढून टाकतो. पाच मिनिटांत एक इतिहासप्रेमी सांगतात, की हा महाल नव्हेच, ही निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. दुसरे विचारतात, शहराचं नाव बदलून झालं, मग फोटोखाली अजून ‘अहमदनगर’ का? तिसरे विचारतात, ‘कॅमेरा कोणता?’ जेवायच्या वेळेपर्यंत चर्चा निजामशाहीतून पाथर्डी रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत पोचते. इमारत मागे कलंडलेली दिसतेय, हे मात्र कुणी म्हणत नाही. खालून वाइड अँगलने कॅमेरा वर रोखला की भिंती आत झुकतात. चार पावलं मागं सरला असता आणि कॅमेरा सरळ धरला असता, तर महाल उभा राहिला असता. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण त्यासाठी फोटो आधी दोन मिनिटं बघावा लागतो, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

फोटोबद्दल काही बोलायचं तर तो ज्या जागेचा आहे, ती जागाही थोडी माहीत असावी लागते. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे फिरून फिरून खडक कोरत गेले आणि माणूस उभा मावेल असे रांजण झाले. फोटोत मात्र ते हटकून वाटीएवढे दिसतात, कारण आकार कळायला शेजारी काहीच नसतं. तिथे ‘सुंदर!’ म्हणण्यापेक्षा ‘पुढच्या वेळी कडेला बायकोला उभं कर’ हा सल्ला जास्त उपयोगाचा. (एकाने तो मानला. खळगे मोठे दिसले. बायकोने मात्र फोटोत आपण फारच लहान दिसतो अशी तक्रार केली. सगळ्यांचं समाधान करणं टीकाकाराच्या हातात नसतं.)

रेहेकुरीच्या काळविटाचं दुखणं वेगळं. कर्जत तालुक्यातलं हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट दिसतो, पण दुपारच्या उन्हात. पिवळं गवत झगझगीत आणि नर काळाकुट्ट. कॅमेरा गवताला भुलतो, नराचा नुसता काळा डाग होतो आणि डोळा त्यात बुडतो. तिथे म्हणावं, ‘दादा, सकाळी लवकर जा. आणि जिप्सीतून उभं राहून काढू नकोस, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर ये.’ हे ऐकून कुणाला राग आल्याचं मी पाहिलेलं नाही. राग येतो तो ‘मजा नाही आली’ या शेऱ्याचा, आणि तो यायलाच हवा. ज्यात पुढे करायला काही सांगितलेलंच नाही, ती टीका नव्हे, ती जांभई.

पूर्वी असं नसावं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांतले. तो काळ ओल्या काचेचा: काचेला रसायन फासायचं आणि ते वाळायच्या आत फोटो घेऊन धुवूनही काढायचा. एका फोटोमागे इतकी मरमर असताना मांडलेल्या चित्रावर ‘एक नंबर’ म्हणून पुढं सरकणारा सभासद तिथं फार दिवस टिकला नसता, असं मला उगाच वाटतं. आता फोटो फुकट झाला, तसं मतही फुकट झालं.

अकोले तालुक्यातला एक तरुण रंधा धबधब्याचा फोटो घेऊन आला. शटर मंद ठेवून पाणी दुधासारखं केलेलं, हल्ली सगळे करतात तसं. फोटो निर्दोष होता. मी विचारलं, ‘तिथं उभा होतास तेव्हा काय वाटलं?’ म्हणाला, ‘काका, आवाजानं छातीत धडधडत होतं. चष्म्यावर तुषार येत होते, पुसून पुसून वैतागलो.’ त्यातलं काहीच फोटोत नव्हतं. तिथं सगळं झोपलेलं. मी एवढंच म्हणालो, की पुढच्या खेपेला शटर जलद ठेवून बघ, पाण्याला फुटू दे. त्याने पुन्हा जाऊन काढला. थोडा हललेला आहे, एका कोपऱ्यात लेन्सवरचा थेंबही आलाय. पण भिजायला होतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिथं मी गोड बोलत नाही. मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात आणि गाड्यांच्या रांगा लागतात. फोटोत झाडाला हजारो दिवे लागलेले दिसतात. त्यातले बरेच फोटो अनेक फ्रेम एकावर एक ठेवून केलेले असतात; त्यालाही हरकत नाही, फक्त तसं सांगावं. हरकत आहे ती फ्लॅशला. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण म्हणून, आणि आपल्या उजेडात ती खूण हरवते. अशा फोटोची रचना कितीही उत्तम असो, मी त्याला शून्य देतो आणि तसं कळवतोही.

तेव्हा यंदा काजव्यांना जाणार असाल तर ट्रायपॉड न्या, फ्लॅश बंद ठेवा, गाडीचे दिवेही. फोटो जरूर पाठवा. पण ‘कसा आहे?’ असं विचारू नका, त्याला ‘भारी’ एवढंच उत्तर मिळतं. ‘यातलं काय कापू?’ असं विचारा.