वरची गाळणी, खालची गाळणी

२००६ सालच्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह नाहीसा झाला. म्हणजे होता जागेवरच. बटण दाबलं की वेडावून दाखवल्यासारखा ट्रे बाहेर यायचा, पुन्हा दाबलं की आत जायचा, दिवाही लुकलुकायचा. फक्त माय कॉम्प्युटर उघडलं की त्याचं नाव नाही. सी होता, डी होता, ई बेपत्ता.

रविवारी सकाळी व्याही आणि विहीणबाई लेकीच्या लग्नाची सीडी बघायला येणार होते. तीन सीड्या होत्या; एकीत जेमतेम ऐंशी मिनिटं मावतात आणि आमच्या व्हिडिओवाल्याने हळदीलाच एक अख्खी संपवली होती. टीव्हीला जोडायचा प्लेअरही होता आमच्याकडे. पण तो मी आदल्याच महिन्यात दुरुस्त केला होता, त्यामुळे तो माळ्यावर होता.

आधी मी कॅबिनेट उघडलं. फुंकर मारली, ती चपटी केबल काढून पुन्हा बसवली, चार स्क्रू काढले, तीन लावले. ड्राइव्ह ढिम्म. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह आणि आत ‘कोड ३९’, म्हणजे ड्रायव्हर चढवता येत नाही. तेव्हा कुठे आठवलं, की सीडी राइट करायचं एक सॉफ्टवेअर उगीच जागा अडवतंय म्हणून दुपारी मीच काढून टाकलं होतं.

या रोगावरचा उपाय माझ्या कात्रणांच्या फायलीत होता. असली सॉफ्टवेअरं ड्राइव्हच्या दारात आपले पहारेकरी बसवतात आणि विंडोजच्या वहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्यांची नावं लिहितात. सॉफ्टवेअर जातं, पहारेकरी जातात, नावं तशीच राहतात. वॉचमन गावी निघून गेला तरी किल्ली त्याच्याकडेच म्हणून गेट बंद, त्यातला प्रकार. ती नावं लिहिलेली असतात ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदींत. दोन्ही पुसायच्या आणि मशीन पुन्हा सुरू करायचं.

“अहो, गाळणी कुठे ठेवलीत?” आतून आवाज आला. कॅबिनेटमधली धूळ खरवडायला गाळणीचा दांडा मीच घेतला होता.

“वरची की खालची?” मी म्हणालो आणि स्वतःच हसलो. तेवढ्यात उंदराचं चाक सरकलं असावं.

रजिस्ट्रीतल्या त्या यादीत प्रत्येक उपकरणाचा एक लांबलचक आकडा असतो. ४डी३६ई९६ इथपर्यंत बरेचसे सख्खे भाऊ. पुढे ५ आला तर सीडी ड्राइव्ह, बी आला तर कीबोर्ड. उजवीकडे ‘कीबोर्ड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही, कारण मी अपरफिल्टर्स शोधत होतो आणि ते तिथे होतं. लोअरफिल्टर्स नव्हतं; म्हटलं, बरं झालं, काम अर्ध्यावर आलं. आधी नोंदींची प्रत काढून ठेवा, असं कात्रणात ठळक अक्षरांत होतं. ठळक अक्षरं ही दुसऱ्यांसाठी असतात अशी माझी समजूत आहे. पुसलं. रीस्टार्ट.

पासवर्डची चौकट आली. मी टाइप केलं. काही नाही. कॅप्स लॉक दाबलं, हिरवा दिवा लागेना. उंदीर मात्र पडद्यावर मजेत हिंडत होता. म्हणजे ड्राइव्ह नाही तो नाहीच, वर कीबोर्डही गेला, आणि पासवर्ड टाकल्याशिवाय आत सोडणार नाहीत.

हा पासवर्ड बायकोने ठेवलेला. चिरंजीवांची दहावी होती आणि गेम खेळायची वेळ कायम ‘आत्ताच बसलोय’ अशी असायची. घरच्या कॉम्प्युटरला कसलं आलंय कुलूप, म्हणून मी तिची वर्षभर थट्टा केली होती. शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला.

“मामा, पुसल्यानंतर एकदाही आत गेलेला नाहीस ना?”

“जाऊ कसा? कीबोर्ड मेलाय!”

“मग वाचलास. मशीन चालू होताना एफ आठ दाब. विंडोज उठायच्या आधी कीबोर्ड चालतो.”

खरंच चालला. काळ्या पडद्यावर पांढरी यादी आली, त्यात ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’. आपण नीट लॉगइन झालो की तेव्हाचं विंडोज त्या वेळच्या मांडणीला ‘चांगली’ म्हणून शिक्का मारायचं. पासवर्ड नसता तर मशीन आपणहून सरळ आत गेलं असतं आणि माझ्या बिघाडावरच तो शिक्का बसला असता. बायकोला हे सांगितलं नाही. भाच्याने सांगितलं.

रात्री साडेबाराला बायकोला शेजारी बसवून, आकडा तिच्याकडून दोनदा वाचून घेऊन, पाचवाल्या नोंदी पुसल्या. ई परत आला.

रविवारी पोहे झाल्यावर दुसरी सीडी लावली. मंगलाष्टकं सुरू होती, अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. कॅमेरा हळूहळू डावीकडे वळला. तिथे फेटा बांधलेले वधूपिता स्टेजच्या कडेला उकिडवे बसून लाउडस्पीकरची वायर दातांनी सोलत होते.

विहीणबाई पडद्याकडे वाकून बघू लागल्या. “हे तुमचेच ना?”

“हो,” बायको म्हणाली. “मंगलाष्टकं नीट ऐकू येत होती ना, म्हणून.”