जवारी जरा जास्त उघडलीये

ओव्हरड्राइव्ह पेडलवर नॉब सहसा तीनच असतात, तरी ते एका जागी ठेवून स्वस्थ बसलेला गिटारवाला मी पाहिलेला नाही. ड्राइव्ह, टोन, लेव्हल. १९७७ साली बॉस कंपनीने ओडी-१ काढलं तेव्हा त्यावर टोनचा नॉबच नव्हता. लोक सुखी असणार. माझ्याकडे आहे हिरवं ट्यूब स्क्रीमर, आणि स्वभाव असा, की फिरवण्यासारखं काही दिसलं की आधी ते उजवीकडे शेवटपर्यंत न्यायचं.

ड्राइव्ह म्हणजे आवाज नव्हे, हे मी बँडमधल्या पोरांना फार अधिकाराने सांगतो. ड्राइव्ह शून्यावर असला तरी आतलं सर्किट सिग्नल सुमारे १२ पट वाढवतं, पूर्ण फिरवला तर ११८ पट. पण तिथेच दोन डायोड टपून असतात. अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर लाटेने मान काढली की ते तिचा शेंडा छाटतात. त्या छाटाछाटीतून जे नवे उपस्वर निघतात त्यांनाच आपण ‘काय टोन आहे!’ म्हणतो. नॉब जितका पुढे, तितका हळू छेडलेल्या आणि जोरात छेडलेल्या तारेतला फरक पुसला जातो. कच्च्या हाताला ही मोठीच सोय. मी ड्राइव्ह कायम, घड्याळाच्या काट्याच्या हिशेबाने, दोनाच्या पुढे ठेवतो, काय तो अंदाज बांधावा. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ड्राइव्ह कमी आणि लेव्हल चढी ठेवून व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पलाच घाम फोडायचा. त्याला सोसायटीचा सेक्रेटरी नव्हता.

उपस्वरांवरून आठवलं. आमच्या आत्याचा तंबोरा मिरजेचा. तिथल्या शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला घेतले, पुढे सतारमेकर हे आडनावच झालं, आणि २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण खरी करामत घोडीवर. तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्याला घासत वाजते, हीच जवारी. मध्ये सुताचा दोरा. तो केसभर सरकला की तार एकतर मुकी होते, नाहीतर नुसतीच झणझणते. मध्ये कुठेतरी एक जागा सापडते, आणि खर्जाच्या तारेतून कोणी न लावलेला गंधार ऐकू यायला लागतो. सर्किट नाही, बॅटरी नाही.

हल्ली आत्याची बोटं थरथरतात. दोरा तिने सांगायचा आणि मी सरकवायचा, अशी वाटणी झाली आहे. “मागे घे. अरे मागे म्हटलं, पुढे काय नेतोस?” तिला सगळं ऐकू येतं, फक्त हात ऐकत नाहीत. “इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन द्या की” असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिला तंबोरा नुसता ऐकायचा नाहीये हो, लावायचा आहे.

असो. टोनने धार कमीजास्त होते, एवढंच. हे पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा पुढे येऊ देत नाही, म्हणून घरी एकट्याने वाजवलं तर आवाज नाकातला वाटतो. बँडमध्ये मात्र तोच ऐकू जातो, आणि घरी भरदार वाटणारा बेसगिटारखाली गडप होतो. मला घरीच जास्त आवडतो मी.

राहिली लेव्हल. जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं. म्हणून पेडल खरोखर काय करतंय हे कळायला चालू आणि बंद, दोन्हीचा आवाज सारखा करून ऐकावा लागतो. मी त्या फंदात पडत नाही. माझा निम्मा टोन लेव्हलमध्येच आहे.

परवा आत्याने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “जवारी जरा जास्तच उघडलीये रे तुझी.” पेडल तिपाईवर मागवून घेतलं. ड्राइव्ह मागे नऊवर आणला. मग चालू, बंद, चालू, बंद करत लेव्हल उतरवत गेली, दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत. नॉब जाड असतो, दोऱ्यासारखे नखरे करत नाही. तिचं बोट एकदाही घसरलं नाही.

“आता वाजव, आणि फरक सांग.”

मी वाजवलं, डोळे मिटले, मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावली की सहसा पुढे कोणी काही विचारत नाही.

आत्या म्हणाली, “कुठला?”