आवाजी मतदान

कोणती गाडी आली, हे मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगतो. अर्थात कुणी विचारलं तर. कुणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

लोकलपुरतं बोलायचं तर फलाटाकडे पाठ करून उभं राहिलं तरी चालतं. जुनी, डीसी विजेच्या काळातली लोकल घरघरत यायची आणि थांबली की डब्याखालचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. त्याची धडधड कानाआधी चपलेत कळायची, तिथून पोटरीत चढायची. 2007 पासून सीमेन्सची यंत्रणा असलेल्या लोकल आल्या. त्या सुटताना एक बारीक सूर धरतात, तो टाकून वरचा धरतात, मग त्याच्याही वरचा. गाडीतला इन्व्हर्टर वेगाप्रमाणे मोटारीच्या विजेची वारंवारता बदलत जातो, त्याचा हा परिणाम. ही सगळी माहिती मी दादरपासून शेजारच्या गृहस्थांना तपशीलवार दिली. ते ठाण्याला उतरले. जायचं त्यांना कल्याणला होतं.

पण ही झाली वरवरची कामं. माझी खरी विद्या रुळांच्या सांध्यांची.

आपल्याकडे रूळ तेरा मीटरचा. दोन रुळांच्या मध्ये फट, कारण लोखंड उन्हात वाढतं. प्रत्येक फटीवर चाकं आदळतात आणि 'खडक-खडक' होतं. आता गणित बघा. सत्तेचाळीस सेकंदांत असे जितके ठोके पडतील, तितके किलोमीटर ताशी गाडीचा वेग. साठ ठोके तर साठचा वेग. गुणाकार नाही, भागाकार नाही. मला हे कळलं त्या दिवशी न्यूटनला काय वाटलं असेल, याची पुसट कल्पना आली. मात्र पथ्यं आहेत. डब्याच्या मधोमध बसायचं नाही, दोन्हीकडच्या चाकांचे आवाज मिसळतात. चाकांच्या डोक्यावरचीच जागा पकडायची, म्हणजे जिथे बसायला कुणीही तयार नसतं तिथे. खडक-खडक हा एकच ठोका धरायचा, दोन मोजले तर पॅसेंजर गाडी बुलेट ट्रेनच्या वेगाने दौंडला पोचते. आणि सर्वांत महत्त्वाचं, सत्तेचाळीस सेकंद कुणाशीही बोलायचं नाही. एवढं सोपं पथ्य, पण एकतिसाव्या ठोक्याला हमखास प्रश्न येतो, "चहा घेणार का?" मी हाताने थांबवतो. चहावाला पुढे जातो. त्रेपन्नचा वेग निघतो. तो मी जाहीर करतो. "बरं," म्हणतात घरचे, "आणि चहा?"

हीच विद्या रेल्वेने माझ्या हातून काढून घेतली. आता रूळ किलोमीटरच्या किलोमीटर सलग वेल्ड केलेले असतात. उन्हात वाढू पाहतात, पण स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात. फट नाही, ठोका नाही. स्टेशनजवळ सांधे बदलताना तेवढा चार क्षण खडखडाट होतो, तेव्हा मी घाईने घड्याळ बघतो. मोबाइलवर आता कुणालाही गाडीचा वेग दिसतो. समोरच्या बाकावरची शाळकरी मुलगी मोबाइल वर करून "अठ्ठ्याऐंशी!" म्हणाली, तेव्हा डबाभर लोकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्याकडे तसं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. माथेरानची गाडी 1907 सालची, दोन फुटी रुळांची. वळणावर तिची चाकं रुळाला घासून अशी किंचाळतात की दाताच्या डॉक्टरची आठवण यावी. तिचा वेग मोजायला घड्याळ नव्हे, पंचांग लागतं. डेक्कन क्वीन 1930 पासून धावते आहे, 2022 साली तिला एलएचबी डबे मिळाले. हे डबे मूळ जर्मन रचनेचे आणि आतून जुन्या डब्यांपेक्षा पुष्कळच शांत. तो आवाज कुठे गेला होता, ते फलाटावर कळायचं. गाडीच्या टोकाला दिवे-पंख्यांसाठी डिझेल जनरेटरचा डबा असायचा. त्याच्या शेजारी उभं राहून निरोप देताना "पोचलास की फोन कर" हे वाक्य तीनदा ओरडावं लागे आणि चौथ्यांदा नुसत्या खुणेने सांगावं लागे. आता ती वीज इंजिनाकडूनच घेतात, म्हणून फलाटही निवले. घाट चढायला कर्जतला मागून इंजिनं जोडतात, त्यांचा हिसका आणि बटाटेवडेवाल्यांचा गिल्ला मी एकच आवाज धरतो.

मग 2023 च्या फेब्रुवारीत मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला वंदे भारत सुरू झाली. मोटारी निरनिराळ्या डब्यांखाली वाटलेल्या, त्यामुळे मागून इंजिन न लावताच घाट चढते. दारं बंद, काचा बंद. अशा गाड्यांत माझ्या कानांना काम नाही. म्हणजे गाडीचं काम नाही. माणसांचं भरपूर आहे. एकाची रील, दुसऱ्याचा क्रिकेटचा सामना, तिसऱ्याची सोसायटीची मीटिंग स्पीकरवर. पूर्वीही हे सगळं होतंच, पण गाडी त्यावर पांघरूण घालायची.

अशाच एका गार, शांत डब्यात मागच्या रांगेतला एक मुलगा फोनवर बोलत होता. आवाज अगदी खाली. तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता. नोकरी गेली होती. "बाबांना इतक्यात सांगू नकोस गं आई," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मधे थांबत होता, नाक ओढत होता. आम्ही सगळे वर्तमानपत्रात, मोबाइलमध्ये, खिडकीत डोकं घालून बसलो होतो आणि सगळे ऐकत होतो. त्याने फोन ठेवला तेव्हा त्याला ते कळलं. उतरेपर्यंत त्याने मान वर केली नाही. माझ्या या तल्लख कानांचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

आणि डेमू! डिझेलचं इंजिन गाडीतच, खिडक्या उघड्या, पत्रा थरथरतोय, पुलावर गेली की बोलणाऱ्याचे नुसते ओठ हललेले दिसतात. एकदा माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, एक नवरा-बायको बसले होते. ती काहीतरी सांगत होती, तो तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता. मधेच ती रडली, पदराने डोळे पुसले, पुन्हा सांगू लागली. भर गर्दीत त्या दोघांना स्वतंत्र खोली मिळाली होती. मी कान टवकारले होते, हे कशाला लपवू? एक अक्षर कळलं नाही.

तेव्हा शांत गाडीचं तिकीट काढलं असेल तर फोन खिशात ठेवा आणि रील बघायचीच असेल तर कानात काहीतरी घाला. बायकोशी महत्त्वाचं बोलायचं राहिलं असेल, तर मात्र सरळ पॅसेंजरने जा, चाकांवरची जागा धरा. वेळ जास्त लागेल, कंबर धरेल. माझं मत डेमूला.