पारेभाऊंची पिल्लं

पारेभाऊंना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव दुसरं असेल, खिशात थर्मामीटरऐवजी पंचांग असेल. पण चारचौघांनी एखादं काम हाती घेतलं की "थांबा जरा" म्हणत जो उठतो, तो माणूस हाच. आमच्या आरमोरीत त्यांचं खरं आडनाव एका पोस्टमनला तेवढं ठाऊक आहे.

परवा त्यांनी माझ्या चहाच्या कपात थर्मामीटर बुडवला, डोळे बारीक करून पाहिलं आणि परवानगी दिली, "बासष्ट. घ्या आता." तासाभरापूर्वी हाच थर्मामीटर कोंबड्यांच्या तुसात खोचलेला मी पाहिला होता. ते वळल्यावर चहा मोरीत ओतला.

या रोगाचं मूळ कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात आहे. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची वासून धापा टाकू लागली तर उकाडा होतोय आणि सगळीकडे सारखी पसरली तर ठीक चाललंय; पिल्लांकडे बघा, तीच तुम्हाला सांगतील. पारेभाऊंनी हे वहीत शब्दशः उतरवलं आणि येताना थर्मामीटर विकत आणला.

मग एक दिवसाची वनराजा जातीची शंभर पिल्लं आली. मागच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं, खाली राईस मिलमधला तूस, त्यावर वर्तमानपत्र, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला अंगावर पिसं भरतात, मग बल्बची गरज संपते आणि पिल्लं बाहेरच्या खुराड्यात जातात. सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, सगळं वेळेवर झालं. एकही पिल्लू दगावलं नाही. खुराडंही तयार होतं: सांदवाडीत बांबूचा सांगाडा, वर कवेलू, जमिनीपासून हातभर उंच. मुंगसाचा पंजा शिरू नये म्हणून बारीक चौकटीची जाळी आणि तीसुद्धा खाली मातीत पुरलेली. इतकं पक्कं काम आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांचंही नाही.

फक्त पिल्लं बाहेर जाईनात.

कारण तोवर मे महिना लागला होता. वैनगंगेपलीकडचं ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत झळकतं आणि ऊन काही नदी बघून थांबत नाही. "बाहेर चव्वेचाळीस," पारेभाऊ म्हणाले. "पिल्लाले लागते तेवीस. आजची हवा बरी नाही." बल्ब विझले, खिडक्यांना ओली पोती लागली आणि घरातला एकुलता एक कूलर पिल्लांच्या खोलीत गेला. वहिनी अंगणात झोपू लागल्या.

पावसाळ्यात पारा छान उतरला. पण खालची ओल वाढली आणि ओल म्हटली की रक्ती हगवण. हे अगदी खरं आहे, म्हणून त्यांच्याशी वादही घालता येत नाही. पारेभाऊंचा हाच ताप आहे. त्यांची हवा नेहमी खरोखरच बरी नसते. आश्विन जरा कोरडा निघाला, तर म्हणाले थंडी तोंडावर आलीय, आता कशाला सवय मोडता. रिकाम्या खुराड्यात शेजाऱ्याच्या बकरीनं दोन करडं दिली. पारेभाऊंनी त्यांचीही तापमानं वहीत नोंदवली.

दरम्यान त्यांच्या "पिल्लांना" तुरे फुटले होते. पहाटे चारला बंद खोलीत चाळीस-पन्नास कोंबडे एकदम आरवायचे. शेजारी विचारायचे, "का जी पारेभाऊ, पिल्लं बांग देऊन रायले न जी?" ते शांतपणे उत्तर द्यायचे, "लहान आहेत." ऐन दिवाळीत दार उघडं राहिलं आणि एका लहानीनं चकलीच्या पिठाच्या परातीत आयुष्यातलं पहिलं अंडं घातलं.

भिंतीपलीकडे आजी राहते. तिची गावरान कोंबडी डालग्याखालून दहा-अकरा पिल्लं घेऊन निघाली ती दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर. घार दिसली की ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं पंखाखाली नाहीशी होतात. आजी भिंतीवरून विचारते, "भाऊ, माह्या कोंबडीले कोनं टरेनिंग देल्लं जी?" प्रश्न बिनतोड आहे. मात्र महिन्याभरानं बघावं तर त्या दहा-अकरांतली पाच-सहाच मागे चालत असतात. दोन घारीनं नेलेली, एक कावळ्यानं, एक सापानं आणि एखादं कसं गेलं ते कुणीच पाहिलेलं नसतं. आजी "गेलं तं गेलं" म्हणून चुलीकडे वळते. गेलेली पिल्लं पारेभाऊ मोजतात. तिची, भिंतीच्या अलीकडून.

पारेभाऊंना सोबत घेऊन नाटकाला जाऊ नये. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत रात्रभराची नाटकं सुरू होतात; वडशाच्या कंपन्या गावोगाव मंडप ठोकतात आणि माणसं ब्लँकेट पांघरून पहाटेपर्यंत बसतात. मागल्या हिवाळ्यात रात्री दोनला रंगमंचावर नायिकेनं लेकराला छातीशी धरून हंबरडा फोडला, बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या आणि माझ्या शेजारून आवाज आला, "चौदा." मागच्या रांगेतल्या एकानं त्यांच्या सात पिढ्यांचं तापमान काढलं.

परतताना मी त्यांना झापायच्या बेतात होतो. तेवढ्यात तेच बोलू लागले. त्यांची मोठी बहीण आरोग्यदूत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं नव्वदच्या दशकात गडचिरोलीच्या 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायांना शिकवलं; बाळ तोलणं, ताप मोजणं, गार पडलेल्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, जगभर त्याचा बोलबाला झाला. बहिणीच्या हातातला थर्मामीटर पारेभाऊंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण ती शिकली त्याच्या आदल्या वर्षी, पौषात, त्यांच्या घरी पहिला मुलगा झाला होता. अशी बाई त्यांच्या गावात नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे पोराचे पाय गार लागले. घरातली माणसं म्हणाली, ऊन निघालं की होईल बरं.

"मोजाले कोनाजवळच काही नोतं," पारेभाऊ म्हणाले. मग मोटारसायकलच्या दिव्यात थर्मामीटर धरून पाहिला. "बारावर आलं. कान बांधा."

मी मुकाट्यानं कान बांधले. तेव्हापासून चहा मोजायलाही हरकत घेत नाही. तो पीत नाही, ही गोष्ट वेगळी.

पिल्लं अखेर वहिनींनी हलवली. पारेभाऊ कुरखेड्याकडे नाटकाला गेले असताना रात्री लाईन गेली. अंधारात कोंबडी आंधळी आणि गरीब असते. ओरडत नाही, टोचत नाही. वहिनी आणि आजीनं डालग्यात घालून सगळी फौज खुराड्यात नेली, दांड्यांवर ओळीनं बसवली आणि कडी लावली. "चार दिवस आतच ठेव माय," आजी म्हणाली, "मंग घर वळखते." उजाडताना पारेभाऊ आले. खोली रिकामी बघून त्यांचा चेहरा असा झाला की वहिनींनी आधी पाणी दिलं, मग सांदवाडीकडे बोट दाखवलं. खुराड्यात पारा अकरावर होता. शंभर धष्टपुष्ट पक्षी पिसं फुलवून दांड्यावर आरामात बसले होते आणि त्यांतल्या एका कोंबड्यानं पारेभाऊंकडे ओळख न दाखवता बांग दिली. त्यांनी तरीही घरातली दोन ब्लँकेटं आणून उत्तरेची जाळी झाकली.

मागची खोली वहिनींनी दुसऱ्याच दिवशी धुऊन काढली आणि तालमींसाठी एका नाटक मंडळीला भाड्यानं दिली. पारेभाऊ काही बोलले नाहीत. काल सकाळी मात्र ते माझ्या सपरीत आले, चारही कोपऱ्यांत थर्मामीटर टांगून गेले आणि संध्याकाळी वही घेऊन परत आले. दक्षिणेचा कोपरा उत्तम आहे म्हणतात. नवी शंभर पिल्लं गुरुवारी यायची आहेत. जाताजाता त्यांनी माझा कूलर चालू करून पाहिला.