मेलेला माणूस खुलासा करत नाही

१६ जुलै २०२१, शुक्रवार. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी शिवारात दुपारी विमान कोसळलं. तापी ओलांडून आमच्या जामनेरला बातमी पोचली ती ‘हेलिकॉप्टर पडलं’ अशी. ते हेलिकॉप्टर नव्हतं, शिरपूरच्या एनएमआयएमएस अकादमीचं शिकाऊ विमान होतं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. काय पडलं हे धड कळायच्या आत कुणामुळे पडलं याचा निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड आहे.

आमच्या कुठल्याही टपरीवर बसा. विमान कुठलंही असो, कटिंग संपेपर्यंत गुन्हेगार ठरलेला असतो. वैमानिकाचंच चुकलं. मालकानं पैसे वाचवले. घातपात असणार, वरून दाबतायत. आणि शिकणारी मुलगी असली तर हमखास, ‘बाईमाणसाच्या हातात कशाला द्यायचं?’ हे शेवटचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकाऊ विमानात शिकवणाऱ्यापुढेही तोच दांडा असतो, पायाखाली तीच पॅडल असतात. एवढीही माहिती नसताना अंथरुणाला खिळलेल्या पोरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं?

अशा छोट्या विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. तपास करणारे ढिगाऱ्यासमोर गुडघ्यावर बसतात. पंख्याची पाती कशी वाकली-तुटली यावरून आदळताना इंजिन जोर देत होतं का, ते पाहतात. टाकीतलं इंधन तपासायला पाठवतात, इंजिन खोलतात, देखभालीच्या नोंदवह्या आणि त्या दिवसाचं हवामान चाळतात. याला महिने लागतात. आणि कायद्यानं त्यांना दोषी शोधायला सांगितलेलंच नाही. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं परिशिष्ट १३ घ्या की आपले तपास नियम, हेतू एकच लिहिलाय: पुन्हा असं घडू नये. दोष वाटणं हे तपासाचं काम नाही.

१२ जून २०२५ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. महिन्यानं प्राथमिक अहवाल आला. त्यात इंधनाचे दोन्ही स्विच बंद झाल्याची नोंद होती, आणि एक वैमानिक दुसऱ्याला ‘बंद का केलंस’ म्हणतो, दुसरा ‘मी नाही केलं’ म्हणतो, त्याबद्दल एवढंच होतं. कोण कुणाला म्हणालं, हेही अहवालात नव्हतं. तरी गावोगाव त्या विमानाचे कॅप्टन सुमीत सभरवाल यांच्यावर बोट रोखलं गेलं. त्यांच्या नव्वदी ओलांडलेल्या बापाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं त्यांना सांगितलं, तुमच्या मुलाला कुणी दोषी धरू शकत नाही, हे ओझं बाळगू नका. मुलगा गेला ते गेला, वर त्याची अब्रू परत मिळवायला या वयात वकील गाठायचा! याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

उठलेल्या आवईनं काय होतं, हे जळगाव जिल्ह्याला तरी कुणी सांगायला नको. २२ जानेवारी २०२५, पाचोऱ्याजवळ परधाडे. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये ‘आग लागली’ अशी बोंब झाली, माणसं रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग नव्हतीच.

गप्प बसा, असं मी म्हणत नाही. खूप बोला, पण जो जिवंत आहे आणि ज्याला उत्तर देणं भाग आहे त्याच्याशी बोला. २०२५मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं देशातल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी काढली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. लाखो रुपये फी भरून पोरं तिथं शिकतात. यावर टपरीवर एक शब्द नाही, कारण इथं नाव घ्यायला मेलेला माणूस सापडत नाही.

आणि वर्डीचं. विमान पडलं तिथवर गाडी जाण्यासारखी वाट नव्हती. आवाज ऐकून आदिवासी धावले. एका बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी करून जखमी मुलीला जंगलातून खाली आणलं. ही झोळी बांधायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवरून अडलेली बाळंतीण, साप चावलेलं पोर असंच तर खाली येतं. त्या बाईचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण वैमानिकाच्या चुका मोजणाऱ्यांपैकी कितीजणांनी जिल्हा परिषदेला विचारलं, की तिथं रुग्णवाहिका जाईल असा रस्ता कधी करणार?